पगाराच्या वाटेवरचा निजामपुरा

१० मे १९६३ रोजी जवाहरलाल नेहरूंनी बडोद्याजवळच्या कोयलीला तेलशुद्धीकरण कारखान्याची पायाभरणी केली. तिथून आठ-दहा किलोमीटरवर, शहराच्या उत्तर अंगाला, निजामपुरा होता. फतेहगंज मागे टाकून छाणीकडे निघाले की लागणारी एक वस्ती, भोवती शेते आणि पुढे अहमदाबादची वाट. कोयलीला पडलेल्या त्या पहिल्या कुदळीमुळे या वस्तीचा कायापालट होणार आहे, असे त्या दिवशी कोणी सांगितले असते तर ऐकणाऱ्याने त्याला वेड्यात काढले असते.

आजही बडोद्याच्या उद्योगांचा नकाशा मांडला तर त्यात गोरवा येतो, मकरपुरा येतो, बाजवा, रणोली, नंदेसरी येतात. निजामपुरा येत नाही. इथे मोठा कारखाना कधी उभा राहिला नाही. इथे उभी राहिली ती दुकाने, दवाखाने, शिकवण्या, बँकांच्या शाखा, खाण्याच्या लाऱ्या (हातगाड्या) आणि सोसायट्यांमागून सोसायट्या. माल दुसरीकडे तयार झाला. त्याचा पगार मात्र निजामपुऱ्यात उतरला आणि इथेच खर्च झाला. त्यामुळे या उपनगराच्या धंद्यांचा इतिहास उत्पादनाच्या टनांत मोजून हाती लागत नाही. कोणाचा पगार, कुठल्या तारखेला, किती भरवशाचा, हे विचारत गेले की तो उलगडू लागतो.

बडोद्यात नोकरी म्हणजे आधी दरबारची नोकरी. गायकवाडांबरोबर देशावरून, कोकणातून आलेली मराठी घराणी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत स्थिरावली आणि फौज, फडणिशी, महसूल, न्यायखाते यांच्या पगारावर पिढ्या काढल्या. या माणसांना कचेरीतली खुर्ची फार प्यारी. व्यापार गुजराती पेढीवाल्यांनी करावा आणि हिशेब मराठी कारकुनाने तपासावा, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली होती की तिचे नवल दोन्ही बाजूंना वाटत नसे.

उत्तरेकडच्या बाजूला मात्र वेगळे गिऱ्हाईक होते. १८०२ आणि त्यानंतरच्या करारांनी ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज बडोद्यात आली आणि फतेहगंजच्या अंगाला छावणी पडली. छावणी म्हणजे रोजची मागणी: दूध, गवत, लाकूड, धोबी, शिंपी, पाव. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ शहराला भिडले आणि स्टेशनही जुन्या कोटाच्या बाहेर, पश्चिमेला झाले. पुढे स्टेशनच्या उत्तरेला नवायार्डची रेल्वेवस्ती वाढली. दरबार कोटात राहिला आणि ज्यांचा पगार दरबाराकडून येत नाही अशी माणसे हळूहळू कोटाच्या बाहेर, वायव्येकडे आणि उत्तरेकडे जमू लागली. निजामपुऱ्याला लागून पेन्शनपुरा नावाची वस्ती आहे. बाहेरगावच्या माणसाला हे नाव थट्टेचे वाटते, पण या पट्ट्याचे अर्थकारण एका शब्दात सांगायचे तर याहून नेमके नाव सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी छावणीची जागा भारतीय सैन्याने घेतली. याच भागात सैन्याचे ईएमई स्कूल आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि यांत्रिकी शाखेच्या जवानांना इथे तांत्रिक शिक्षण मिळते. या आवारात १९६६ मध्ये ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन या ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे दक्षिणामूर्तीचे मंदिर उभे राहिले. बडोदे पाहायला आलेले पाहुणे ते आवर्जून पाहतात. आजूबाजूच्या दुकानदारांना मात्र मंदिराइतकेच अप्रूप त्या आवारातून महिन्याच्या महिन्याला बाहेर येणाऱ्या पगाराचे असावे.

कोयलीच्या आधी बडोद्यात कारखाने नव्हते असे नाही. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेल्या आणि १८८१ मध्ये पूर्ण अधिकार हाती घेतलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम, छायाचित्रण अशा विद्या तिथे शिकवल्या जात. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. गज्जर, त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू केली. कंपनीचा जन्म मुंबईत झाला, पण लवकरच तिचा कारखाना बडोद्यात गोरव्याच्या वाटेवर उभा राहिला. संस्थापकांत एक कोटिभास्कर आहेत, ही गोष्ट बडोदेकर मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. कोटिभास्करांचा कित्ता गिरवणारे फारसे निघाले नाहीत, हे तो सांगत नाही.

पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ रोजी, दहा लाख रुपयांच्या भांडवलावर बँक ऑफ बडोदा सुरू झाली. १९४३ मध्ये नानुभाई अमीनांची ज्योती आणि साराभाईंचा औषधांचा कारखाना हे दोन्ही उद्योग शहरात आले. म्हणजे तेल सापडण्यापूर्वीच बडोद्याला रसायनांची, औषधांची आणि पंप-मोटारींची ओळख होती. कुशल कामगार होते, कर्ज देणारी बँक होती. नव्हती ती मोठ्या आकड्यांतली कायम नोकरी.

१९४९ साली दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. ३० एप्रिलला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली आणि १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दीडशे-दोनशे वर्षे मराठी घरांना पोसणारे एक पगारपत्रक मिटले, त्याच्या आदल्याच दिवशी दुसरे उघडले. प्रतापगंज-फतेहगंजच्या परिसरात विद्यापीठाची वसतिगृहे आणि प्राध्यापकांची घरे वाढली. परगावचा विद्यार्थी म्हणजे खोली, खाणावळ, सायकल-दुरुस्ती, वह्या-पुस्तके. विद्यापीठात शिकवण्याची भाषा इंग्रजी असल्यामुळे देशभरातून मुले आणि प्राध्यापक आले. पुढे नोबेल मिळवणारे वेंकटरमण रामकृष्णन हे अशाच प्राध्यापक दांपत्याचे चिरंजीव. ते फतेहगंजच्या शाळेत शिकले आणि १९७१ मध्ये याच विद्यापीठाचे पदवीधर झाले. शहराची उत्तर बाजू बहुभाषी झाली ती कारखान्यांच्या आधी, विद्यापीठामुळे.

मग तेल आले. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला, १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. त्या तेलाचे शुद्धीकरण करायला सोव्हिएत संघाशी १९६१ मध्ये करार झाला आणि जागा ठरली कोयलीची. ऑक्टोबर १९६५ मध्ये रिफायनरी चालू झाली. १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. पुढे तिची क्षमता वर्षाला १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत वाढली.

रिफायनरी एकटी राहत नाही. कच्च्या तेलातून निघणारा नाफ्था खताच्या कारखान्याला हवा असतो. त्यापासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. गुजरात स्टेट फर्टिलायझर्स ही कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली होती. छाणीच्या पुढे महामार्गालगतचा तिचा कारखाना १९६७ मध्ये उत्पादन देऊ लागला. नाफ्थाच तापवून फोडला की इथिलीन मिळते आणि त्यातून प्लास्टिकचा कच्चा माल. त्यासाठी २२ मार्च १९६९ रोजी इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांची आयपीसीएल, स्थापन झाली. १९७३ मध्ये गुजरात अल्कलीज आली; कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनचा तिचा कारखाना रणोलीला. त्याच काळात खतकारखान्याला खेटून अणुऊर्जा खात्याचा जड पाण्याचा प्रकल्प झाला. या मोठ्यांच्या आसऱ्याने नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत लहान रासायनिक कारखाने आले. दहा-पंधरा वर्षांत शहराच्या वायव्येला चिमण्यांची रांग लागली आणि त्या बाजूकडे जाणाऱ्या मुख्य वाटेवर होता निजामपुरा.

जनगणनेतून या धावपळीचा अंदाज येतो. १९५१ मध्ये बडोद्याची वस्ती २ लाख ११ हजारांच्या आसपास होती. १९७१ मध्ये ती ४ लाख ६७ हजार झाली, १९८१ मध्ये ७ लाख ३४ हजार आणि १९९१ मध्ये १० लाखांच्या पार. चाळीस वर्षांत जवळजवळ पाचपट. इतकी माणसे कोटाच्या आत मावणे शक्यच नव्हते.

कंपन्यांनी स्वतःच्या वसाहती बांधल्या होत्या. रिफायनरीचे जवाहरनगर, खतकारखान्याचे फर्टिलायझरनगर, आयपीसीएलची टाउनशिप. रस्ते रुंद, झाडे लावलेली, शाळा-दवाखाना आवारातच. तरी तिथे सगळे मावले नाहीत आणि ज्यांना क्वार्टर मिळत होते तेही कायमचे तिथे राहणार नव्हते. कारण साधे होते. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर रिकामे करावे लागे. शिवाय बायको शहरातल्या शाळेत शिक्षिका असेल, मुलांचे कॉलेज विद्यापीठात असेल, म्हातारे आईवडील बरोबर असतील, तर कारखान्याच्या फाटकाशी राहण्यात सोय नव्हती. म्हणून चाळिशीच्या आतबाहेरचा नोकरदार भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढी, कर्ज घेई आणि शहर व कारखाना यांच्या मधोमध प्लॉट शोधी. मधोमध म्हणजे निजामपुरा, समा, छाणी रोड.

हे प्लॉट कसे तयार झाले हा भाग जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. दहा-पंधरा ओळखीचे लोक, बहुतेक एकाच कंपनीतले किंवा एकाच जिल्ह्यातले, एकत्र येऊन सहकारी गृहनिर्माण सोसायटी नोंदवीत. शेतकऱ्याकडून जमीन घ्यायची, ती बिनशेती करून घ्यायची, आराखडा मंजूर करून प्लॉट पाडायचे आणि एका ठेकेदाराकडून सगळी घरे एकसारखी बांधून घ्यायची. अशा बैठ्या किंवा एकमजली, शेजाऱ्याशी एक भिंत वाटून घेणाऱ्या घराला बडोद्यात टेनामेंट म्हणतात. पुढे झोपाळ्यापुरती जागा, एक तुळस, स्कूटर लावायला ओटा. निजामपुऱ्यात मेहसाणानगरासारखी नावे दिसतात, ती या आलेल्या माणसांचे गाव पाटीवर घेऊनच दिसतात. गुजरातच्या उत्तरेतून, सौराष्ट्रातून, खानदेशातून, केरळातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे एका ओळीत राहू लागली.

रस्ते पाडण्याचे काम नगररचना योजनांनी केले. गुजरातेत ही पद्धत मुरलेली आहे. एका पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येक मालकाकडून थोडा हिस्सा रस्ता, शाळा, बाग यांसाठी कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन नीट आकाराचा प्लॉट करून त्यालाच परत द्यायची. जमीन संपादनाची भांडणे त्यामुळे कमी होतात आणि मालकाला रस्त्याकाठचा प्लॉट मिळाला तर जमीन घटूनही तो फायद्यात राहतो. १९७८ मध्ये बडोदे नागरी विकास प्राधिकरण आले आणि कामाला वेग आला. छाणी जकात नाक्याजवळच्या एका अख्ख्या भागाला लोक आजही टीपी-१३ म्हणतात. योजनेचा क्रमांकच पत्ता झाला. एखाद्या देवाचे किंवा पुढाऱ्याचे नाव द्यायची कोणाला आठवण राहिली नाही. दुकानांच्या दृष्टीने पाहिले तर या योजनांनी एक मोठी गोष्ट केली. रुंद रस्ता आणि त्यावर तोंड केलेले प्लॉट तयार झाले, आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या घराची पुढची खोली फार काळ बैठकीची खोली राहत नाही.

रिफायनरी रात्री बंद करता येत नाही. भट्ट्या एकदा पेटल्या की महिनोन् महिने चालतात, त्यामुळे काम तीन पाळ्यांत. कंपनीच्या बस ठरलेल्या चौकांतून माणसे उचलत आणि सोडत. जिथे बस थांबे तिथे आधी चहाची लारी, मग पानाचा गल्ला, मग नाश्ता, मग सायकल-स्कूटरचा मिस्त्री. सकाळच्या पाळीची माणसे पहाटे निघत, रात्रपाळीची सकाळी परतत, म्हणून दूध आणि पाव दोन्ही वेळा विकले जात. बडोद्याची शेव-उसळ याच जगातली. मराठी घरातली उसळ, तिच्यावर गुजराती शेव, वरून तरी आणि बरोबर पाव. पोटभर, तिखट आणि स्वस्त. या पदार्थाचे मूळ कोणाचे यावर बडोद्यात वाद घालता येतो. दुपारी पाळी सुटल्यावर तो कोणी खाल्ला यावर नाही.

किराणा दुकानाची भिस्त उधारीच्या वहीवर होती. महिनाभर माल न्यायचा, पगार झाला की वही चुकती करायची. दुकानदाराला हे परवडे, कारण सरकारी कंपनीचा पगार बुडत नाही, लांबत नाही आणि कर्मचाऱ्याला सहसा काढून टाकत नाहीत. भाजीवाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळे याच भरवशावर कर्ज देत. १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क झाला, तेव्हा दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस वर्षभराच्या धंद्याचे झाले: कापड, भांडी, सोने, पंखा, पुढे फ्रिज आणि टीव्ही. कारखान्यात झालेली वेतनवाढ काही आठवड्यांत निजामपुऱ्याच्या काउंटरवर दिसे.

या काळातला अर्धा रोजगार कुठल्याच पटावर नव्हता. टेनामेंटच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन, पुढच्या खोलीत पाचवी ते दहावीच्या शिकवण्या, स्वयंपाकघरात डबे. मराठी घरांतून दिवाळीला चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी, उन्हाळ्यात पापड-कुरडया, लोणची. घरातल्या पुरुषाचा पगार कायम असल्यामुळे बाईला धंद्यात थोडा धोका पत्करता येई. नुकसान झाले तरी चूल बंद पडणार नव्हती. पुढे यांतले काही व्यवसाय दुकाने झाले, बरेच मुलांची लग्ने झाल्यावर थांबले. अर्थशास्त्रज्ञांच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही, त्यामुळे निजामपुऱ्याच्या वाढीच्या कुठल्याही आकड्यात ते दिसणार नाहीत.

नव्वदच्या दशकात भरती आटली. १९९१ च्या नव्या धोरणानंतर सार्वजनिक क्षेत्राचा नूर बदलला. कंपन्या चालूच होत्या, उत्पादन वाढतच होते, पण निवृत्त होणाऱ्याच्या जागी नवा कायम माणूस घेतला जाईनासा झाला. साराभाईंचा एके काळी शहराचा मान असलेला औषधांचा कारखाना खंगत गेला आणि त्याच्या जमिनीवर पुढे इमारती आणि व्यापारी संकुले आली. मोठा घाव आयपीसीएलचा. २००२ मध्ये सरकारने तिचे २६ टक्के भाग १,४९१ कोटी रुपयांना रिलायन्सला विकले. २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. वयाच्या पन्नाशीत हातात एकरकमी पैसे आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काहीच नाही, हा अनुभव या पिढीला नवा होता. कोणी मुदतठेवीत टाकले, कोणी फ्लॅट घेतला, कोणी मुलाला दुकान काढून दिले.

कारखान्यात मग ठेकेदाराची माणसे आली. काम तेच, भट्टी तीच, पण पगार निम्म्याहून कमी आणि ठेका संपला की नोकरी संपली. उत्पादनाच्या आलेखात ही गोष्ट दिसत नाही. किराणा दुकानात ताबडतोब दिसते, कारण ठेक्यावरच्या माणसाला वहीवर उधार द्यायला दुकानदाराचा हात धजत नाही.

रस्त्यानेही याच सुमारास दगा दिला. छाणी जकात नाका हे नाव आज केवळ बसथांब्याचे उरले आहे, पण नाका चालू होता तेव्हा शहरात येणारे ट्रक तिथे अडत. अडलेल्या ट्रकभोवती चहा, ढाबा, टायर, पंक्चर, गॅरेज, रात्रीचा पानवाला. अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्ग २००३-०४ मध्ये खुला झाला आणि ९३ किलोमीटरचे अंतर तासाभरावर आले. महामार्गाची जड वाहतूक शहराला वळसा घालून जाऊ लागली. २००७ मध्ये गुजरातने महापालिकांची जकातच रद्द केली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला ते पोहोचले की नाही, याची चौकशी कोणी केली नसणार.

तरी निजामपुरा ओस पडला नाही. उलट या काळानंतर इथल्या धंद्यांची संख्या आणि दर्शनी भागातल्या काचा दोन्ही वाढल्या. याचे एक कारण जुन्याच पगारात आहे. साठ-सत्तरच्या दशकांत लागलेली पिढी निवृत्त होऊन आपापल्या टेनामेंटमध्ये राहायला आली. हाती भविष्यनिर्वाह निधी, काहींना निवृत्तिवेतन, कर्ज फिटलेले घर. त्यांच्या गरजा वेगळ्या: रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, गुडघे, दात. रस्त्यालगतच्या टेनामेंट पाडून तळमजल्यावर दुकाने आणि वर दवाखाने अशी संकुले झाली. तपासणी केंद्रे, औषधांची दुकाने, फिजिओथेरपी, घरी येणाऱ्या परिचारिका, चोवीस तासांची आया. एका पिढीने रिफायनरीत घाम गाळून साठवलेला पैसा आता दुसऱ्या पिढीला प्रयोगशाळा-सहायकाची, कंपाउंडरची, रिसेप्शनिस्टची नोकरी देतो.

दुसरे कारण मुले. शिकवणीची पुढची खोली वाढून कोचिंग क्लास झाली. अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेला क्लास लावला नाही असे घर सापडणे कठीण. त्याच्या पुढची पायरी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका यांच्या व्हिसाचा सल्ला देणाऱ्या पाट्या फतेहगंज ते निजामपुरा रस्त्यावर एकावर एक लागल्या आहेत. बाप फर्टिलायझरमध्ये, मुलगा टोरांटोत, असे घर इथे आता नवलाचे नाही. मुलगा गेला की वरचा मजला भाड्याने जातो, पीजी होतो. मराठी शाळांचा पट आटण्यामागेही हीच हवा आहे. १९०९, १९२१ आणि १९३४ या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या या शहराने २०१८ मध्ये ९१ वे संमेलन पुन्हा थाटात भरवले. मांडवाबाहेर मात्र मराठी माध्यमात मूल घालणारा पालक शोधावा लागतो. निजामपुऱ्यातल्या दुकानात मात्र गिऱ्हाईक मराठीत बोलले तर गुजराती दुकानदार सहज मराठीत उत्तर देतो. भाषा शाळेतून गेली तरी गल्ल्यावर टिकली, हेही काही कमी नव्हे.

उधारीची वही जवळजवळ गेली. तिच्या जागी क्यूआर कोडचा कागद आणि रक्कम मोठ्याने सांगणारा छोटा डबा आला. दहा मिनिटांत किराणा घरी पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या दुकानदाराचे गिऱ्हाईक पळवले, हे खरे आहे. दुचाकीवरच्या शेकडो तरुणांना त्यांनी काम दिले, हेही खरे आहे. पण या मुलांचा पगार ना महिन्याचा, ना आठवड्याचा. तो फेरीगणिक ठरतो, पावसात वाढतो आणि ॲपच्या मर्जीने घटतो. साठच्या दशकातल्या पाळीकामगाराच्या बसथांब्यावर आज तीच मुले गाडी लावून पुढच्या ऑर्डरची वाट पाहतात.

पावसाचा धंद्यावर होणारा परिणाम फक्त इतकाच नाही. जुलै २०१९ च्या अखेरीस बडोद्यात एका दिवसात सुमारे अर्धा मीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २६ फुटांच्या खुणेवर चढून ३७ फुटांपर्यंत गेली आणि समा, फतेहगंजसह नदीकाठच्या वस्त्यांत दिवसेंदिवस पाणी राहिले. तळमजल्यावरच्या दुकानांचे फ्रिज, फरसाणाच्या भट्ट्या, झेरॉक्स मशीन, गोदामातला माल गेला. शेते बुजवून आणि ओढ्यांच्या वाटा अडवून जी बांधकामे झाली त्यांचा हा हिशेब आहे. नगररचना योजनांनी रस्ते फार नीट आखले. पाणी कुठून जाईल याकडे तितके लक्ष दिले नाही.

नवा पगार आता आणखी लांबून येऊ पाहतो आहे. शहराच्या ईशान्येला सावलीत २००८ पासून बॉम्बार्डियरच्या कारखान्यात मेट्रोचे डबे बनू लागले; दिल्लीबरोबरच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गाड्याही तिथे तयार झाल्या. २०२१ मध्ये हा कारखाना आल्स्टॉमकडे गेला. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी बडोद्यात टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन केले. हवाई दलासाठीच्या ५६ विमानांपैकी ४० इथे जोडली जाणार आहेत. फर्टिलायझरनगरात गुजरात स्टेट फर्टिलायझर्सने काढलेले विद्यापीठ २०१४ पासून चालू आहे. ज्या कंपनीने एके काळी आयटीआयच्या मुलाला थेट नोकरीवर घेतले, तिच्याच आवारात आता फी भरून पदवी मिळते.

विमानाच्या कारखान्यात लागलेला तरुण अभियंता निजामपुऱ्यात घर पाहायला येतो तेव्हा तो टेनामेंट विचारत नाही. त्याला लिफ्ट असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट हवा, अकरा महिन्यांचा करार हवा आणि पुण्याला किंवा बंगळूरला बदली झाली तर महिन्याच्या नोटिशीवर सोडायची मुभा हवी. ठेक्यावर आलेला ओडिशाचा किंवा बिहारचा वेल्डर चौघांत एक खोली घेतो, मेसचा डबा लावतो आणि उरलेले पैसे गावी पाठवतो. दलालांच्या वहीत दोघांचीही नावे एकाच पानावर आहेत. भाड्याचे दर दोघांसाठी वेगवेगळे आहेत आणि अनामत रक्कम दोघांकडूनही आगाऊ घेतली जाते.